प्रश्नावलीतला सहावा प्रश्न

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर पहिल्या दिवशी मी मुलांना अर्धा कागद देतो आणि एकच गोष्ट लिहायला सांगतो : तुम्हाला कशावर संशोधन करायचंय? नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या मुलांनाही क्षेत्र प्रकल्प करावा लागतो. त्यामुळे हा कागद आता नुसता खेळ राहिलेला नाही, त्याला गुण आहेत.

कागद गोळा केले की त्यावर काय असणार ते मला न वाचताच ठाऊक असतं. 'शेतकरी आत्महत्या : कारणे व उपाय.' 'बेरोजगारी : एक ज्वलंत समस्या.' 'मोबाईलचे दुष्परिणाम.' आणि आमच्या मोहल्ल्यातून आलेल्या मुलामुलींपैकी कुणाचा तरी हमखास, 'मुस्लिम समाज : समस्या व उपाय.' मी हसत नाही. या मुलांमधली बरीचशी त्यांच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच पिढी आहे. कुणाचे वडील ऊसतोडीला जातात, कुणाचा भाजीचा गाडा आहे, कुणाची आई शिवणकाम करते. बारा-तेरा वर्षं शाळा-कॉलेजात काढूनही ज्याचं उत्तर गाईडमध्ये नाही असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलेला नसतो. मग ती निबंधाचा मथळा लिहितात. त्यांचा काय दोष?

म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही फक्त विषयाचा प्रश्न कसा करायचा तेवढंच शिकतो. बेरोजगारी हा विषय झाला. 'तीन वर्षांपूर्वी आपल्या कॉलेजातून बी.ए. झालेली मुलं आज काय काम करतात?' हा प्रश्न झाला. फरक ओळखायची माझी साधी युक्ती आहे. मी विचारतो, "याचं उत्तर शोधायला तू उद्या सकाळी कुठे जाशील? कोणाला भेटशील? त्याला काय विचारशील?" मूल गप्प झालं की समजायचं, अजून प्रश्न तयार नाही.

'मुस्लिम समाजाच्या समस्या' लिहिणाऱ्या मुलाशी संवाद थोडा लांबतो. "कुठला मुस्लिम समाज? आपल्या गावात बागवान आहेत, मोमीन आहेत, पिंजारी आहेत, अत्तार आहेत, मुल्ला-मुजावर आहेत. सगळ्यांची समस्या एकच आहे का?" इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुसलमानांमधल्या जात आणि स्तररचनेवर पुस्तक संपादित केलं ते १९७३मध्ये. त्यालाही आता पन्नास वर्षं उलटून गेली, पण आपण अजून 'मुस्लिम समाज' म्हणजे एकच एक गठ्ठा असल्यासारखं बोलतो. आपल्याविषयी बाहेरचे तसं बोलतात तेव्हा राग येतो आणि आपणही तसंच लिहितो. त्या मुलाशी बोलता बोलता विषय खाली खाली आला आणि शेवटी वहीत उतरलं : 'फळांचा गाडा लावणाऱ्या बागवानांना रोजचं भांडवल कुठून मिळतं?' त्याचे वडील गाडाच लावतात. उद्या सकाळी कुठे जायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

नंतरचा टप्पा, आपल्या आधी कोणी काय म्हटलंय ते वाचण्याचा. पुस्तकात याला संशोधन साहित्याचा आढावा म्हणतात आणि मुलांना तो म्हणजे पुस्तकांच्या नावांची यादी वाटते. मी त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'भारतातील जाती' हा निबंध दाखवतो. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी तो वाचला तेव्हा ते जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. निबंधात ते जातीच्या चार व्याख्या घेतात : सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर. एकेक व्याख्या घ्यायची, तिच्यात काय पटतं ते मान्य करायचं, काय सुटलंय ते दाखवायचं. केतकरांची ते स्तुतीही करतात. पण केतकरांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणं, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने मिळणारं सदस्यत्व, ही दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असं म्हणून ते पुढे जातात. मुलांना मी म्हणतो, आढावा तो हा. मोठ्या माणसाचं ऐकायचं, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि आदराने म्हणायचं, "इथे मला वेगळं दिसतंय."

मग येतो नक्कल करण्याचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड करत नाहीत. मुलांना त्या नियमातला हा आकडा तेवढा पाठ असतो. म्हणजे त्यांच्या हिशेबी दहा टक्के चोरी माफ! त्यांना टक्क्यांपलीकडे न्यायचं तर दुसरं काहीतरी सांगावं लागतं. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना मी हदीसची आठवण देतो. हदीस नुसती सांगितली जात नाही. अमक्याने तमक्याकडून ऐकली, त्याने अमक्याकडून, अशी राव्यांची साखळी आधी येते, तिला इसनाद म्हणतात. साखळीतली एक कडी कच्ची निघाली की हदीसचा दर्जा घसरतो. राव्यांच्या चारित्र्याची आणि स्मरणशक्तीची छाननी करणारं आख्खं शास्त्र त्यातून उभं राहिलं. तळटीप म्हणजे आपल्या वाक्याची इसनाद. हे सांगितलं की वर्गातली इतर मुलंही मान डोलावतात. गावाकडे 'हे तुला कुणी सांगितलं?' हा प्रश्न सगळ्यांनीच ऐकलेला असतो.

इथपर्यंतचं शिकवणं मला येतं असं मी बरीच वर्षं समजत होतो. माझी खरी परीक्षा झाली ती प्रश्नावलीत.

चार मुलांच्या एका गटाने विषय घेतला होता गावातल्या मुस्लिम मुलांच्या शिक्षणाचा. गटात एक मराठा मुलगा होता, एक धनगर आणि दोन आमच्या मोहल्ल्यातले. चाळीस घरं ठरली. प्रश्नावली त्यांनी केली आणि मी तपासली. मी बरंच काही दुरुस्त केलं. 'शिक्षण महत्त्वाचे आहे असे आपल्याला वाटते का?' हा प्रश्न काढायला लावला. याला नाही कोण म्हणणार? उत्तर आतच भरलेलं. 'आपले उत्पन्न व खर्च किती?' याचे दोन प्रश्न केले. ज्या घरी चहा मिळतो त्याच घरांत जाऊ नका, गल्लीतलं दर तिसरं घर घ्या, असंही बजावलं. सहावा प्रश्न होता, 'आपली मुले मदरशात जातात का?' त्यावर मी बरोबरची खूण केली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये शिरलो तर त्या गटाच्या पोस्टरवर मोठा गोल काढलेला. त्याचा जवळजवळ सगळा भाग हिरवा आणि त्यात लिहिलेलं, 'मदरशात जाणारी मुले'. समोर त्या दिवशीचे एक पाहुणे उभे होते. बरोबरच्या माणसाला म्हणत होते, "बघा. म्हणून तर मागे राहतात." आवाजात द्वेष नव्हता. उलट हळहळच होती. ती मला जास्त लागली.

चूक कुठे झाली ते मला त्याच क्षणी कळलं, आणि कळल्यावर कानशिलं तापली. आमच्याकडे असरच्या नमाजनंतर मुलं मशिदीशेजारच्या खोलीत सिपारा शिकायला जातात, तास-दीड तास. दिवसभर ती शाळेतच असतात. मराठी, उर्दू, इंग्रजी, ज्याला जी परवडेल त्या माध्यमाच्या. या संध्याकाळच्या वर्गाला शास्त्रशुद्ध शब्द मकतब. पण आमच्या गल्लीत कुणी मकतब म्हणत नाही. तिथे ते मदरसाच. मीही लहानपणी तिथे गेलोय. दारात उभ्या मुलांनी विचारलं आणि आयांनी खरं तेच सांगितलं, "हां, जाते ना मदरसेकू. असर के बाद." 'असर के बाद' हे कागदावर लिहायला प्रश्नावलीत जागाच नव्हती. तिथे फक्त 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी होत्या.

सच्चर समितीने २००६च्या अहवालात नेमका हाच घोटाळा नोंदवलेला आहे. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी साधारण तीन टक्के आहेत, आणि लोकांचा समज वेगळा होतो याचं एक कारण मकतब आणि मदरसा यांची गल्लत, असं समिती सांगते. हा अहवाल मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. आणि माझ्याच सहीने माझ्याच गल्लीत तीच गल्लत झाली. बाहेरच्या माणसाला तो शब्द कदाचित खटकला असता. मला खटकला नाही, कारण मी त्या शब्दातच लहानाचा मोठा झालो होतो. आपल्या माणसांचा अभ्यास आपण केला की तो आपोआप बिनचूक होतो, हा माझा समज त्या दिवशी गेला.

मी मुलांना म्हणालो, "पोस्टर काढा." मोहल्ल्यातली दोघं लगेच पिना काढू लागली. मराठा मुलगा मात्र तसाच उभा राहिला. म्हणाला, "सर, चुकलंय म्हणून काढायचं की वाईट दिसतंय म्हणून?"

"चुकलंय म्हणून," मी म्हणालो आणि मकतबचं सगळं समजावून सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग अगदी नम्रपणे विचारलं, "आणि बरोबर असतं तर, सर? तर ठेवलं असतं का?"

मी म्हणालो, "अर्थात." पण ते मला स्वतःलाच पटलेलं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं असावं.

आम्ही पुन्हा त्याच चाळीस घरी गेलो, या वेळी मीही बरोबर होतो. एका प्रश्नाचे तीन केले. मूल कोणत्या शाळेत, कितवीत आहे? शाळेशिवाय धार्मिक शिक्षणासाठी कुठे जातं का? जात असेल तर दिवसातून किती वेळ? बहुतेक मुलं शाळेत होती. शाळा नाही, फक्त मदरसा, असं मूल चाळीस घरांत एक निघालं, बाहेरगावच्या वसतिगृहात राहणारं. नवं पोस्टर झालं. पाहुणे अर्थातच ते बघायला आले नाहीत. चुकीचा आकडा एकदा निघून गेला की त्याच्यामागे धावणारा बरोबर आकडा नेहमी मागेच राहतो.

त्या मुलाचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मी माझ्याच जुन्या भाषणांची टिपणं काढून बसलो. त्यात एक आकडा वारंवार होता. १९७४च्या 'समानतेच्या दिशेने' या अहवालातला. १९६१च्या जनगणनेच्या वेळी झालेल्या पाहणीत बहुपत्नीक विवाहांचं प्रमाण हिंदूंमध्ये ५.८ टक्के आणि मुस्लिमांमध्ये ५.७ टक्के आढळलं होतं. 'मुसलमान चार-चार बायका करतात' म्हणणाऱ्याच्या तोंडावर फेकायला याहून चांगला आकडा नाही. मी तो अनेक व्यासपीठांवरून फेकला होता आणि टाळ्याही घेतल्या होत्या. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या नवऱ्याला आणखी बायका आहेत असं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण मुस्लिमांत १.९ टक्के, हिंदूंत १.३ टक्के आहे. अनुसूचित जमातींमध्ये ते २.४ टक्के. दोन्ही पाहण्यांची मोजायची रीत वेगळी, म्हणून एकीची दुसरीशी थेट तुलना करता येत नाही. प्रथा सगळीकडेच फार थोडी उरली आहे, आणि चार बायकांचा आरोप आजच्या आकड्यांनीही खोटाच ठरतो. तरीही हे आकडे ठाऊक झाल्यावर मी व्यासपीठावर साठ वर्षांपूर्वीचाच आकडा का सांगत राहिलो? कारण तो सोयीचा होता. मी वर्गात मुलांना सांगतो की आपल्या बाजूचा पुरावा तेवढा उचलायचा नसतो. व्यासपीठावर मी तेच करत होतो.

पुढच्या वर्षी त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली. मोहल्ल्यातल्याच एका मुलीने विषय घेतला, 'आमच्या गल्लीतल्या मुली दहावीनंतर कुठे जातात?' ती गल्लीत मुलाखती घ्यायला लागली तेव्हा पहिली अडचण दारातच आली. वही-पेन बघितलं की बायका विचारायच्या, "कागज दिखाने का है क्या?" नागरिकत्वाच्या वादानंतर आमच्या वस्त्यांत कुठलाही सर्व्हे म्हणजे भीती. मग आम्ही अर्ध्या पानाचं निवेदन तयार केलं : मी कोण, कशासाठी विचारते, नाव लिहिणार नाही, एखाद्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तरी चालेल, आणि नंतर 'माझं काढून टाक' म्हणालात तर काढून टाकीन. ते तिने प्रत्येक दारात मोठ्याने वाचून दाखवलं. पुस्तकातला माहितीपूर्ण संमती हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो, त्याचा अर्थ मला त्या दारांत समजला. गल्ली लहान असेल तर नाव गाळून भागत नाही हेही तिनेच दाखवून दिलं. 'चार मुलींची आई, नवरा ट्रकवर' एवढं लिहिलं तरी अख्ख्या मोहल्ल्याला घर कळतं. असे तपशील तिने काढून टाकले.

मला वाटत होतं, उत्तर येईल गरिबी. खरं तर तेच यावं अशी माझी इच्छा होती. गरिबी म्हटलं की दोष सरकारकडे जातो. गरिबी होतीच. पण घरोघरी दुसरंच ऐकू आलं. मुलं नववी-दहावीला शाळा सोडून गॅरेजला, गाड्यावर लागतात. मुलगी बारावी झाली, पुढे शिकली, तर तिच्या जोडीचा मुलगा बिरादरीत मिळत नाही. म्हणून तिला आधीच थांबवायचं. एक आई म्हणाली, "लडका नहीं पढता, उसकी सजा लडकी कू." मुलीने ते वाक्य जसंच्या तसं लिहून आणलं.

अहवाल प्रदर्शनात लागणार असं कळल्यावर मोहल्ल्यातले एक बुजुर्ग घरी आले. मला लहानपणापासून ओळखतात. चहा झाल्यावर म्हणाले, "प्रोफेसर साब, जो लिखा वो झूट नहीं. मगर घर की बात बाहर कायकू? पहलेच लोग क्या कम बोलते?" त्यांचं दुखणं मला समजत होतं. हिरवा गोल आणि त्यासमोर हळहळणारे पाहुणे मीही बघितले होते. मी म्हणालो, "चाचा, खोटं असतं तर मी स्वतः फाडलं असतं." त्यांना ते आवडलं नाही, पण ते भांडलेही नाहीत. जाताना दारात एवढंच म्हणाले, "बच्ची का नाम खराब नको होना."

त्याच आठवड्यात त्या मुलीला एका बाईंनी घरी बोलावून सांगितलं, माझं काढून टाक. सासरचे ओळखतील. ती तिची सगळ्यात चांगली मुलाखत होती, अहवालाचा प्राणच. मुलीने मला विचारलं, "सर, आपण कालच तर काढायचं नाही म्हणालो?"

त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. बाईंची गोष्ट बाईंच्या मालकीची. ती परत मागायचा हक्क आपण त्यांना दारात दिला होता, तो पाळायचा. निष्कर्ष मात्र कुणा एकाचा नाही. तो समाजाची अब्रू जाईल म्हणून परत मागायचा हक्क चाचांना नाही, मला नाही आणि तिलाही नाही. मुलाखत काढली. पोस्टर लागलं. गुण थोडे कमी पडले, कारण परीक्षकांना मुलाखतींची संख्या कमी वाटली.

मराठा मुलगा तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता. पोस्टरसमोर बराच वेळ उभा राहून वाचत होता. मला म्हणाला काहीच नाही. मीही काही विचारलं नाही.

आता प्रश्नावली तपासायला आली की मी एक काम वाढवलंय. मुलांनी ती आधी पाच घरी न्यायची, आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारायचं, "तुम्हाला यातून काय समजलं?" उत्तर नाही, समज विचारायची. पाच घरांत निम्म्या प्रश्नांचे कान पकडले जातात.

तुम्हीही करून बघा. व्हॉट्सअॅपवर, जुम्म्याच्या बयानात किंवा टीव्हीवर कुणी मुसलमानांविषयी आकडा सांगितला की तीन गोष्टी विचारा. कुणी मोजलं? कधी मोजलं? आणि दारात उभं राहून नेमका कोणता शब्द वापरून विचारलं? आकडा आपल्या विरोधात असला की हे प्रश्न आपल्याला आपोआप सुचतात. आपल्या बाजूचा असतानाही ते विचारायचे, एवढंच मी वर्गात शिकवायचा प्रयत्न करतो. अजून मलाही ते पूर्ण जमलेलं नाही.